प्रकल्प मंजूर झाला, आता नोंद: विद्यापीठाच्या संशोधन प्रणालीत पहिल्यांदा शिरणाऱ्यांसाठी

मंजुरीपत्राचा फोटो विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो, अभिनंदनाचे अंगठे येतात आणि मागोमाग संशोधन व विकास कक्षातून निरोप येतो: “मॅडम, प्रकल्प सिस्टीमला टाकून घ्या.” नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला किंवा नुकत्याच नेमलेल्या प्रकल्प सहायकाला हे ‘टाकून घेणे’ म्हणजे नेमके काय, ते सहसा कुणी शेजारी बसून दाखवत नाही. म्हणून हा लेख. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठात केंद्र सरकारच्या निधीवर चालणारा प्रकल्प डोळ्यासमोर ठेवला आहे. खासगी वा अभिमत विद्यापीठात पदनामे बदलतील, कागद फारसे बदलत नाहीत.

सिस्टीम प्रत्येक ठिकाणी वेगळी. कुठे केंद्र सरकारची ‘समर्थ’ प्रणाली, कुठे विकत घेतलेली ईआरपी (संस्थेचा सगळा कारभार एकत्र नोंदवणारे सॉफ्टवेअर), कुठे संगणक केंद्रातल्या कुणीतरी पूर्वी बनवून ठेवलेले सॉफ्टवेअर, आणि काही ठिकाणी अजूनही एक्सेलची एक लांबलचक शीट. रकाने मात्र तेच, कारण माहिती मागणारे तेच: एनआयआरएफ (केंद्राची संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी), नॅक (संस्थांचे मूल्यांकन करणारी परिषद), निधी देणारी संस्था, लेखापरीक्षक आणि अधूनमधून माहिती अधिकाराचा एखादा अर्ज. यांतला प्रत्येकजण आकड्यामागचा कागद मागतो. त्यामुळे सुरुवातीलाच एक शिस्त लावून घ्या. ज्या रकान्याला कागद जोडता येत नाही तो रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. रिकाम्या रकान्याबद्दल कक्षातून फोन येतो. चुकीचा भरलेला रकाना कुणाच्या लक्षात येत नाही आणि तसाच अहवालात जातो.

लॉगिनच्या आधी: हा संशोधन प्रकल्प आहे का?

प्रश्न बावळट वाटेल, पण घोळ इथूनच सुरू होतो. बाहेरच्या संस्थेने संशोधनासाठी दिलेले अनुदान हा प्रायोजित प्रकल्प. एखाद्या कारखान्याने पाण्याचे नमुने तपासून अहवाल मागितला आणि त्याचे पैसे दिले तर ती सल्लासेवा, म्हणजे कन्सल्टन्सी. एनआयआरएफ या दोन्हींची माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत मागते. एकात निधी देणाऱ्या संस्था मोजायच्या, दुसऱ्यात ग्राहक. जीएसटीच्या दृष्टीनेही दोन्ही वेगळ्या. त्यामुळे प्रकार निवडण्यापूर्वी लेखा विभागात एकदा विचारून घ्यावे.

परिषद, कार्यशाळा किंवा परदेश प्रवासासाठी मिळालेले अनुदान संशोधन प्रकल्पात बसत नाही. तुमच्या विद्यार्थ्याला बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची अधिछात्रवृत्ती मिळाली असेल तर आनंदच आहे, पण ती त्या विद्यार्थ्याची. तिची जागा अधिछात्रवृत्तीच्या नोंदीत. विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून दिलेले बीज-अनुदान ‘अंतर्गत’ या वर्गात टाका. जुनी मंडळी अशा प्रकल्पाला अजून ‘बीसीयूडीचा प्रकल्प’ म्हणतात, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ते महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ राहिलेले नसले तरी. बोलण्यात चालते, रकान्यात चालत नाही.

कागद गोळा करा, मगच बसा

मंजुरीपत्र पूर्ण हवे. बरेचजण पहिले पान जोडतात, कारण रक्कम तिथे असते. पण सुरुवातीची तारीख कशी धरायची, व्याजाचे काय करायचे, उपकरण कुणाच्या मालकीचे, हे सगळे शेवटच्या पानांवरच्या अटींत असते. त्यासोबत हेडनिहाय (खर्चाच्या शीर्षांनुसार) अर्थसंकल्प, पहिल्या हप्त्याचा आदेश, बँकेत रक्कम जमा झाल्याचा पुरावा, मंजूर झालेला मूळ प्रस्ताव आणि कुलसचिवांच्या सहीचे संमतिपत्र. विद्यापीठात या प्रकल्पासाठी जी टिपणी फिरली तिची प्रतही घ्या. बँक खाते कोणत्या मंजुरीने उघडले, हे लेखापरीक्षणात तिथूनच सिद्ध होते.

मोबाइलवर काढलेले तिरपे फोटो नकोत, सरळ पीडीएफ करा. फायलीच्या नावात वर्ष, संस्था, प्रमुख संशोधकाचे आडनाव आणि कागदाचा प्रकार एवढे आले की पुरे. ‘स्कॅन ००४७’ या नावाची फाइल पुढच्या माणसाला काहीच सांगत नाही.

मूळ नोंद: शीर्षक, संस्था, क्रमांक

शीर्षक मंजुरीपत्रात आहे तसेच, अक्षर न् अक्षर. तिथे टंकलेखनाची चूक असेल तर तीही तशीच येऊ द्या आणि शुद्ध रूप शेऱ्यात लिहा. कारण पडताळणीत तुमचे शीर्षक आणि पत्रातले शीर्षक शेजारी ठेवून पाहिले जाते. भाषा, लोकसाहित्य, इतिहास अशा विषयांत शीर्षक मराठीत असते. ते युनिकोडमध्येच टंकित करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधून उचलून चिकटवले तर सिस्टीममध्ये निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि शोधात ती नोंद कधीच सापडत नाही.

निधी देणाऱ्या संस्थेचे नाव यादीतून निवडायचे असते, आणि इथे थोडे सावध राहावे लागते. एसईआरबी, म्हणजे केंद्राचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, हे नाव वर्षानुवर्षे आपल्या तोंडात बसले होते. २०२३ च्या कायद्याने एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, स्थापन झाली आणि एसईआरबी तिच्यात विलीन झाली. त्याआधी मंजूर झालेल्या प्रकल्पाचे मंजुरीपत्र एसईआरबीच्या नावाचे आणि नंतरचा पत्रव्यवहार एएनआरएफचा, अशी जोडी बऱ्याच फायलींत आहे. मंजुरीपत्रावरचे नाव मुख्य रकान्यात आणि सध्याचे नाव शेऱ्यात, अशी पद्धत मला बरी वाटते. तुमच्या कक्षाची उलटी असेल तर ती पाळा. दोघांनी दोन पद्धतींनी भरले की एकाच वर्षात निधी देणाऱ्या संस्था दोन मोजल्या जातात.

आपल्याच विद्यापीठाच्या नावाचेही तसेच. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव २०१४ मध्ये मिळाले, जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे २०१८ मध्ये, सोलापूरला अहिल्यादेवी होळकरांचे २०१९ मध्ये. प्रकल्पातून निघालेल्या शोधनिबंधांवर कुणी जुने नाव घालतो, कुणी नवे, कुणी लघुरूप. नोंद करताना विद्यापीठाने ठरवून दिलेले पूर्ण नाव वापरा आणि सहकाऱ्यांनाही तेच कळवा.

प्रकल्प क्रमांक हाताने टंकित करू नका, पत्रातून उचला. शून्य आणि रोमन ‘ओ’ यांची अदलाबदल, तिरप्या रेघेच्या जागी आडवी रेघ, एवढ्यावर पीएफएमएसवरचा (केंद्राच्या निधीचे व्यवहार नोंदवणारी ऑनलाइन प्रणाली) व्यवहार आणि तुमची नोंद जुळेनाशी होते. नोंद झाली की सिस्टीम स्वतःचा एक अंतर्गत क्रमांक देते. तो मागणीपत्रावर, खरेदी आदेशावर, बिलावर, प्रकल्प सहायकाच्या नेमणूकपत्रावर, सगळीकडे लिहायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

नोंद कोणी करायची? प्रमुख संशोधकाने, एकदाच. सह-संशोधक त्याच नोंदीला जोडला जातो. रसायनशास्त्राच्या मॅडम प्रमुख आणि भौतिकशास्त्राचे सर सह-संशोधक असतील, आणि दोघांनीही आपापल्या विभागातून नोंद केली, तर विद्यापीठाचा एक प्रकल्प कागदावर दोन होतो. दुसऱ्या संस्थेबरोबरचा संयुक्त प्रकल्प असेल तर एकूण रक्कम माहितीपुरती लिहा, हिशेबाच्या रकान्यात फक्त आपल्या विद्यापीठाचा वाटा.

तारखा

एका प्रकल्पाला निदान तीन तारखा असतात: मंजुरी आदेशाची, पहिला हप्ता जमा झाल्याची आणि प्रकल्प सुरू झाल्याची. तिसरी कुठली धरायची हे संस्थेवर अवलंबून असते. कुणी आदेशाची तारीख हीच सुरुवात मानते, कुणी पैसे जमा झाल्याची. अटी वाचा आणि तेच लिहा. समाप्तीची तारीख सिस्टीम आपोआप काढत असेल तरी तपासा. १५ सप्टेंबरला सुरू झालेला तीन वर्षांचा प्रकल्प १४ सप्टेंबरला संपतो, १५ ला नाही. एका दिवसाने काय होते, असे वाटेल. त्या एका दिवसाचे बिल नामंजूर होते.

वर्ष कोणते, हाही प्रश्न येतो. प्रायोजित संशोधनाचे आकडे एनआयआरएफला आर्थिक वर्षानुसार, १ एप्रिल ते ३१ मार्च, लागतात. विद्यापीठाचे इतर कितीतरी अहवाल शैक्षणिक वर्षावर चालतात. म्हणून सिस्टीममध्ये ‘२०२४-२५’ असे मोघम लिहून भागत नाही. पूर्ण तारीख भरली की ज्याला जे वर्ष हवे ते तिच्यातून काढता येते.

पैसे: इथे घाई नको

नवख्या माणसाची सर्वाधिक गफलत इथे होते, आणि ती पुढे सगळ्यात महागही पडते. मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम आणि खर्च झालेली रक्कम हे तीन स्वतंत्र आकडे आहेत. चौथा आकडा म्हणजे बांधील खर्च: ऑर्डर दिली आहे पण बिल चुकते झालेले नाही.

एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. तीन वर्षांसाठी मंजूर २४,००,००० रुपये. त्यांत उपकरण १०,००,०००, आवर्ती (दरवर्षी होणारा) खर्च १२,००,००० आणि संस्थेचा ओव्हरहेड (वीज, जागा, कार्यालय अशा सुविधांसाठी संस्थेला मिळणारा वाटा) २,००,०००. पहिल्या हप्त्यात उपकरणाचे पूर्ण दहा लाख, आवर्ती चार लाख आणि ओव्हरहेड साठ हजार मिळून १४,६०,००० जमा झाले. ३१ मार्चपर्यंत खर्च १२,७५,०००. सुट्या भागांची १,१०,००० ची ऑर्डर दिली आहे, माल आलेला नाही. खात्यावर २१,००० व्याज जमा झाले.

आता सिस्टीममध्ये काय दिसले पाहिजे? मंजूर २४,००,०००. त्या वर्षी प्राप्त १४,६०,०००. खर्च १२,७५,०००. शिल्लक १,८५,०००. सुट्या भागांची रक्कम बांधील खर्चाच्या रकान्यात, खर्चात नाही. व्याज स्वतंत्र, शिल्लकीत मिसळायचे नाही, कारण सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम २३०(८) प्रमाणे अनुदानावरचे व्याज हिशेब अंतिम झाल्यावर भारताच्या संचित निधीत भरावे लागते. ते ‘भारतकोश’ पोर्टलवरून भरतात. पावती लगेच नोंदीला जोडा.

एनआयआरएफच्या तक्त्यात त्या वर्षासाठी यांतला १४,६०,००० हा आकडा जातो, कारण तिथे त्या आर्थिक वर्षात प्राप्त झालेली रक्कम विचारली आहे. कुणी उत्साहाने चोवीस लाख भरले, आणि पुढच्या वर्षी दुसरा हप्ता आला तेव्हा तोही भरला, तर तीन वर्षांत विद्यापीठाने मंजुरीपेक्षा जास्त पैसे मिळवले असे दिसते. नॅकच्या तिसऱ्या निकषात अनुदानाची रक्कम लाखांत मागतात आणि सोबत मंजुरीपत्रे. तिथे रुपये आणि लाख यांची सरमिसळ हा जुना रोग आहे. सिस्टीममध्ये नेहमी पूर्ण रुपयांत भरा, लाख करायचे काम अहवाल काढणाऱ्यावर सोडा.

केंद्राच्या काही योजनांत हल्ली पैसा विद्यापीठाच्या खात्यात येऊन पडतच नाही. शून्य शिल्लक खाते असते आणि त्यावर खर्चाची मर्यादा दिली जाते. जसा खर्च होतो तसा पैसा उचलला जातो. अशा प्रकल्पात ‘प्राप्त’ या रकान्यात मर्यादा भरायची की प्रत्यक्ष उचललेली रक्कम, हे स्वतःच्या मनाने ठरवू नका. वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि सगळ्या प्रकल्पांना एकच पद्धत लागू आहे ना, ते पाहा. मार्चअखेरीस न वापरलेली मर्यादा हातात राहील असे गृहीत धरू नका. खरेदी फेब्रुवारीपर्यंत ढकलणाऱ्यांना याचा चटका बसतो.

खर्च हेडनिहाय भरायचा असतो: मनुष्यबळ, उपकरण, रसायने व इतर वापराच्या वस्तू, प्रवास, आकस्मिक, ओव्हरहेड. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायला निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते का आणि किती मर्यादेपर्यंत, हे अटींत असते. परवानगीचे पत्र हातात येण्यापूर्वी सिस्टीममधले आकडे हलवू नका. जेआरएफची (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची) रक्कम हे नेहमीचे उदाहरण. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३१,००० वरून ३७,००० झाली. जुन्या दराने मंजूर झालेल्या प्रकल्पात वाढीव रकमेचा सुधारित आदेश आला असेल तर तो नवी आवृत्ती म्हणून नोंदवायचा. जुना आकडा पुसून टाकायचा नाही.

माणसे आणि परवानग्या

प्रमुख संशोधक, सह-संशोधक आणि प्रकल्पावरचे कर्मचारी यांची नावे ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाच्या जागतिक ओळख क्रमांकासह भरा. तो सोळा स्थानांचा असतो, शेवटच्या स्थानी कधी ‘एक्स’ येतो. ती चूक समजून काढू नका. आडनावाची रोमन वर्णाक्षरे, लग्नानंतर बदललेले नाव, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर या सगळ्या गोंधळात माणूस ओळखायचा तो याच क्रमांकावरून. ‘विद्वान’ किंवा ‘आयआरआयएनएस’ या संशोधकांची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर तुमचे पान असेल तर तिथेही हाच क्रमांक द्या. प्रकल्प सहायकांची रुजू तारीख आणि कार्यमुक्तीची तारीख दोन्ही हव्यात. आधार, पॅन, बँक खाते असले कागद मात्र इथे चढवू नका. ते आस्थापना किंवा लेखा विभागात द्यायचे असतात. संशोधनाच्या सिस्टीमला अख्ख्या विद्यापीठातले लोक लॉगिन करतात.

माणसांवर संशोधन असेल तर संस्थात्मक नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक आणि त्याची मुदत. प्राण्यांसाठी प्राणी नैतिकता समिती, जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी जैवसुरक्षा समिती. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीचा क्रमांक. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. विषयाला यांतले काहीच लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहा, कोरे सोडू नका.

सादर करणे आणि परत येणे

‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ ही दोन वेगळी बटणे आहेत. सेव्ह करून निवांत झालेले प्रकल्प मसुद्यातच पडून राहतात. सबमिट केल्यावर नोंद विभागप्रमुखांकडे, मग संशोधन कक्षाकडे आणि काही ठिकाणी लेखा विभागाकडे जाते. कुणीतरी शेरा मारून ती परत पाठवेल. हे रोजचेच, मनाला लावून घ्यायचे कारण नाही. शेरा वाचा, तेवढीच दुरुस्ती करा आणि पुन्हा पाठवा. वैतागून नवी नोंद सुरू करू नका. जुनीही पुढे कधीतरी मंजूर होते आणि जुळी नोंद तयार होते.

चालू प्रकल्प

वर्षातून चार वेळा, तिमाही संपली की लेखा विभागाची खातेवही आणि सिस्टीममधला खर्च शेजारी ठेवून बघा. दोन्हींत फरक असेल तर बहुधा एखादे बिल दुसऱ्या प्रकल्पाला लागलेले असते किंवा आगाऊ रक्कम समायोजित झालेली नसते. तिमाहीत हा फरक अर्ध्या तासात सापडतो. तीन वर्षांनी तोच शोधायला बसले की बिलावर सही करणारा बाबू निवृत्त झालेला असतो.

उपकरण आले की डेडस्टॉकची (टिकाऊ वस्तूंच्या वहीतली) नोंद, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरच्या ऑर्डरचा क्रमांक, बसवले ती खोली आणि एक फोटो. सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीवाचून विकता वा निर्लेखित करता येत नाही, म्हणून ती कुठे आहे हे सांगता आले पाहिजे.

आर्थिक वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी. नमुना जीएफआर १२-अ. नियमात आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत दिसते, पण पुढचा हप्ता यूसीवाचून सुटत नाही, त्यामुळे वेळ घालवण्यात नुकसान तुमचेच. सह्या झालेली प्रत आणि खर्चाचे विवरणपत्र जावक क्रमांकासह जोडा. सही न झालेला मसुदा जोडला तर तो जोडलेला नाही असेच धरतात.

मुदतवाढ मिळाली तर समाप्तीची तारीख बदलायची आणि मंजुरीचे पत्र जोडायचे. मूळ तारीख इतिहासात राहिली पाहिजे. अर्ज केला आहे, पत्र यायचे आहे, अशा अवस्थेत तारीख बदलू नका.

प्रमुख संशोधक दुसऱ्या विद्यापीठात गेल्या किंवा निवृत्त झाल्या तर? निधी देणाऱ्या संस्थेच्या संमतीने प्रकल्प त्यांच्याबरोबर जातो किंवा सह-संशोधकाकडे येतो. पहिल्या प्रसंगी स्थिती ‘स्थानांतरित’ करा, त्या दिवसापर्यंतचा हिशेब बंद करा आणि कोणती उपकरणे गेली, कोणती राहिली, त्याची यादी जोडा. दुसऱ्या प्रसंगी नवे नाव त्या तारखेपासून लावा. नोंद पुसायची कधीच नाही. त्या वर्षांत पैसा तुमच्याच विद्यापीठात आला होता आणि पुढच्या पडताळणीत तो दाखवावा लागेल.

बंद करणे

शेवटचा दिवस उलटला म्हणून प्रकल्प ‘पूर्ण’ होत नाही. अंतिम अहवाल, अंतिम यूसी, लेखापरीक्षित खर्च विवरण, उरलेली रक्कम परत केल्याची पावती आणि संस्थेचे समाप्तीपत्र, एवढे जोडले की ‘पूर्ण’. तोवर ‘मुदत संपली, हिशेब बाकी’ अशी स्थिती ठेवावी. यूजीसीच्या जुन्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांपैकी काहींचे हिशेब अजून या अवस्थेत अडकलेले आहेत. तुमच्या विभागात असा एखादा निघाला तर त्याची फाइल आधी शोधा, सिस्टीम नंतर.

समाप्तीपत्र आले की कक्ष नोंद कुलूपबंद करतो. त्याआधी एक विनंती नक्की करा: प्रकाशने आणि पेटंटचा भाग उघडा ठेवायला सांगा. प्रकल्पातले शोधनिबंध अनेकदा प्रकल्प संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी छापून येतात. ते जोडताना डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी डिजिटल क्रमांक) द्या आणि निबंधाच्या ऋणनिर्देशात मंजुरी क्रमांक छापला आहे ना, ते पाहा. क्रमांक नसलेला निबंध प्रकल्पाचा म्हणून मांडता येत नाही, आणि एकदा छापून झाल्यावर शुद्धिपत्राखेरीज तो त्यात घालायला जागा उरत नाही.